पाण्याचे डाग

गुरुवारी सकाळी बाईजाचा फोन आला तेव्हा मी खळ्यावर भात झोडत होतो. माझे हात गुंतलेले होते म्हणून कुणालीनं, माझ्या पोरीनं, फोन माझ्या कानाला धरला. बाईजा माझी मेहुणी, बायकोची थोरली बहीण. मुरबाडच्या पुढं तिचं गाव.

ती म्हणाली, "रघू, कमळ उठत नाय रे."

"झोपलीय का अजून?"

"झोपली कसली. माझ्याबरोबर खळ्यावर होती. छातीत कळ आली म्हणून बसली, नि आडवीच झाली. डॉक्टर बघून गेला. तू ये."

मी भारा फळीवर ठेवला. अर्धा झोडून झाला होता, अर्ध्याला दाणे तसेच होते. कुणाली माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनं फोन स्वतःच्या कानाला लावला आणि "मावशी, काय झालं?" असं विचारलं. बाईजानं तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ती पेंढ्यात खाली बसली आणि दोन्ही हातांनी पेंढा उपटत राहिली.

माझी बायको कमळ मुरबाडला का होती हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला तोंडावर कोणी विचारलं नाही. मीच लिहितो.

कमळला कोड होतं. कुणाली पाच वर्षांची असताना ओठाच्या उजव्या कडेला तांदळाएवढा पांढरा ठिपका आला. मग तो हनुवटीवर उतरला, पुढं उजव्या डोळ्याभोवती आला, बोटांवर आला. शहापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हे कोणाला लागत नाही, दुखत नाही, भिऊ नका. आम्ही घरात भ्यायलो नाही. तिच्या हातचं जेवलो, एका ताटात जेवलो. पण लग्नकार्यात तिला हळद लावायला कोणी बोलवायचं नाही. ती पण वाट बघायची नाही. चुलीकडे जाऊन बसायची. फोटोची वेळ आली की तिला कुठून तरी पाणी आणायचं असायचं. मी तिला कधी "ये, उभी राहा" म्हणालो नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही.

कुणालीला वाशिंदचं स्थळ आलं. मुलगा विपुल तिथंच कारखान्यात कामाला, वडील महादू पूर्वी शेती करायचे. रविवारी बघायला येणार असं ठरलं. शुक्रवारी आम्ही दोघं वावरात भारे बांधत होतो. मी म्हणालो, "दोन दिवस बाईजाकडे जाऊन ये. तिची पण झोडणी आलीय, हाताखाली माणूस नाय."

कमळनं भाऱ्यावर गुडघा दाबून गाठ आवळली. म्हणाली, "पाव्हणं येतात म्हणून?"

"तसं नाय गो."

"मग कसं?"

ती दुसऱ्या भाऱ्याकडे वळली. जरा वेळानं म्हणाली, "पोहे निवडून ठेवते. कांदा आयत्या वेळी कापा, आधी कापला तर उग्र लागतो. आणि कुणालीला हिरवा ड्रेस घालू देऊ नका, त्यात ती काळी दिसते."

"बरं."

"न्यायला कधी येताय?"

"सोमवारी."

शनिवारी मी तिला किन्हवलीला एसटीत बसवलं. खिडकीपाशी बसली आणि पदर ओठावर ओढून घेतला, प्रवासात घ्यायची तसा. गाडी सुटायच्या आत मी वळलो, कारण मजूर खोळंबले होते.

रविवारी पाहुणे आले. पोहे चांगले झाले. विपुलच्या आईनं विचारलं, "विहीणबाई कुठं?" मी सांगितलं, तापानं पडलीय, बहिणीकडे आहे. महादू म्हणाला, "बरं बरं, जपा त्यांना. आता लग्नातच भेटू." मुलगी पसंत करून गेले.

सोमवारी झोडणीला दोन माणसं मिळाली, म्हणून गेलो नाही. मंगळवारी पण तीच माणसं होती. बुधवारी ढग आले, भात झाकायला लागलं. बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"येताय ना?"

"उद्या येतो. ढग आलेत."

"इकडं पण आलेत," ती म्हणाली. "बरं."

एवढंच बोलणं झालं.

*

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तेव्हा कुणाली म्हणाली, "बाबा, बॅनर लावायला लागंल. फाट्यावर. सगळ्यांचा लावतात."

खरं आहे. आमच्याकडे कोणी गेलं की गावाच्या फाट्यावर बॅनर लागतो, दहाव्याची नि तेराव्याची तारीख त्यावरच असते. पै-पाहुण्यांना त्यावरून कळतं. पण बॅनरला फोटो लागतो. कुणालीनं आपला मोबाइल बघितला, चुलतभावांचे बघितले. एका फोटोत कमळची पाठ होती. एकात ताट वाढणारा हात होता, बोटं पांढरी, म्हणून तिचा आहे हे कळलं. आधारकार्डावरचा फोटो काळा पडलेला. त्यात कमळच काय, कोणीही वाटली असती.

हौसावहिनी बचत गटाची अध्यक्ष. तिच्या घरात गटाच्या बायकांचा एक फोटो फ्रेम करून लावलेला होता. तालुक्याला कसलासा मेळावा झाला तेव्हाचा. हौसानं तो भिंतीवरून काढून आणला. छपराच्या गळतीचं पाणी फ्रेमच्या मागून आत गेलं होतं, कडेच्या दोन बायकांच्या अंगावर पिवळट डाग पडले होते. कमळ दुसऱ्या रांगेत होती. पदर घ्यायच्या आत कोणीतरी फोटो काढला असावा. ती सरळ बघत होती.

"एवढाच हाय, भाऊजी," हौसा म्हणाली. "नीट आणून द्या परत. गटाचा हाय."

मी तो गोणपाटात गुंडाळून किन्हवलीला नेला.

दुकान भाविका नावाच्या पोरीचं. पोर म्हणजे लग्न झालेली, माहेर शेणव्याचं. एक खोली, एक कॉम्प्युटर, मागं लॅमिनेशनचं मशीन. डिझाइन ती करते, छापून शहापूरहून येतं. तिनं विचारलं, "वाढदिवस, लग्न, काय आहे काका?"

"मयत."

तिनं लगेच खुर्ची पुढं सरकवली. "बसा. लेडीज का जेन्ट्स?"

"माझी बायको."

ती "सॉरी काका," म्हणाली आणि उठून मला पाणी दिलं.

तिच्याकडे तयार बॅनर होते. एका फोल्डरात बायकांचे, एकात पुरुषांचे. ओळीनं बारीक बारीक दिसत होते. निळं आभाळ, समई, गुलाबाच्या पाकळ्या, मध्ये गोल उजेड. तिनं एक उघडला. त्यात एक म्हातारी हसत बसली होती, खाली तिच्या घरातल्यांची नावं. मी मान फिरवली.

"घाबरू नका, ही मागच्या महिन्यातली आजी आहे. तयार असतं ना, फक्त माणूस बदलायचा." तिनं बाजूच्या यादीत डोळ्याचं एक चित्र होतं त्यावर टिचकी मारली. म्हातारी गेली. समई, पाकळ्या, आभाळ जागच्या जागी राहिलं.

तिनं आमच्या फोटोची काच काढली, फोटो मशीनवर पालथा घातला. कमळ कॉम्प्युटरमध्ये आली. भाविकानं तिच्या कानाकडेनं, केसांकडेनं माउस फिरवत नेला. मागोमाग एक तुटक रेघ उमटली आणि चालायला लागली, मुंग्यांची रांग चालते तशी.

"खांदा येत नाहीये काका. पुढच्या बाईचं डोकं आलंय मध्ये. मी फक्त चेहरा घेते. साडी आपल्याकडे रेडिमेड आहे."

जांभळ्या रेशमी साडीतलं बिनमुंडक्याचं अंग आलं. गळ्यात ठसठशीत हार. तिनं कमळचं तोंड त्यावर नेऊन ठेवलं.

मी म्हणालो, "ती असली साडी नेसायची नाय."

"साधी कॉटनची आहे एक. पण त्यात मान काळी आहे, जुळणार नाही. हीच छान वाटते काका."

तिनं मानेचा रंग जुळवायला चित्र मोठं केलं. अख्ख्या पडद्यावर कमळचं तोंड आलं. एवढं मोठं मी ते कधी बघितलं नव्हतं. घरात ती कामात असायची, मी कामात असायचो. हनुवटीवरचा डाग मला वाटत होता त्याहून मोठा होता. त्याची कड नदीच्या कडेसारखी आतबाहेर गेलेली. उजव्या पापणीचे चार केस पण पांढरे होते. हे मला माहीत नव्हतं.

"फोटोत पाणी गेलंय बघा," भाविका म्हणाली. "या कडेच्या मावशींच्या पदरावर पण डाग आहेत. चेहऱ्यावर तर फारच आलेत. काढू ना?"

मला त्या वेळी दुसरं काही दिसलं नाही, महादू दिसला. तो फोनवर म्हणाला होता, "तेराव्याला आमी सगळी येतो. विहीणबाईंना बघायचं राहिलंच आमचं."

मी म्हणालो, "काढ."

तिनं गालावरची कातडी उचलली आणि ओठाच्या कडेला लावली. पुन्हा उचलली, हनुवटीवर लावली. टिकटिक आवाज येत होता. डोळ्यापाशी तिला वेळ लागला. पापणीचे पांढरे केस तिनं काळे केले. मी बघत होतो. मध्ये तीनदा तरी बोलता आलं असतं. माझ्या हातांना झोडणीच्या चिरा पडल्या होत्या, त्या मी नखानं कोरत बसलो.

"झालं. बघा, किती गोड दिसतात काकी."

कमळसारखीच कोणीतरी बाई होती. लग्नाच्या वेळची कमळ म्हणावं तर तेव्हा ती एवढी मोठी नव्हती. आताची म्हणावं तर ही नव्हती.

"मजकूर हाच ठेवू? 'तुझ्या मायेची सावली हरपली'. सगळे हाच ठेवतात."

"ठेव."

"शोकाकुल कोण?"

मी म्हणालो, "समस्त वेखंडे परिवार." तिनं म्हातारीच्या घरचं आडनाव पुसून आमचं टाकलं.

*

छापून आलेला बॅनर मी अंगणात उलगडला तेव्हा कुणाली पाटपाणी करत होती. ओले हात पुसत आली आणि बघत राहिली.

"आई अशी कुठं होती?"

"दुकानात करतात तसं. तयार असतं त्यांच्याकडे."

"साडी तयार असंल. तोंड?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

ती आत गेली. तेव्हा पाहुणे बसलेले होते, म्हणून वाद झाला नाही असं मला वाटतं.

फाट्यावर बांबू रोवून मी स्वतःच बॅनर बांधला. सुतळीनं बांधून वरून तारेनं चार कोपरे आवळले. हौसा दुधाला चालली होती. उभी राहिली, वर बघितलं, मग खाली रस्त्याकडे बघितलं. "फोटो छान आलाय," म्हणाली नि चालू लागली. चहाच्या टपरीवर दोघं-तिघं बसले होते. त्यातला एक, आमच्याच भावकीतला, मला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी जाता जाता बऱ्या होऊन गेल्या रे. डॉक्टरला जमलं नाय ते फोटोवाल्यानं केलं." बाकीचे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मी पक्कड खिशात घातली आणि टपरीसमोरूनच घरी आलो, कारण दुसरा रस्ता नाही.

दहावं नदीवर झालं. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती. मी लांब उभा होतो.

तेराव्याला वाशिंदहून महादू, त्याची बायको आणि विपुल आले. रिक्षा फाट्यावर सोडून चालत आले. मी पुढं गेलो. महादूनं माझे दोन्ही हात धरले. "बॅनर बघितला. देखणी होती हो बाई. पोर आईवर गेलीय." त्याची बायको डोळे पुसत होती. मांडवात आमच्या गावची चाळीस-पन्नास माणसं बसलेली. कोणी हूं केलं नाही. पत्रावळी मांडणारे मांडत राहिले.

तेवढ्यात बाईजा आली. तिला मुरबाडहून दोन गाड्या बदलून यायचं होतं, उशीर झाला होता. तिच्याकडे फोटोबिटो काही पोहोचला नव्हता. ती सरळ माझ्यापुढं आली.

"रघू, फाट्यावर कोणाचा बॅनर लावलाय रे? नाव कमळचं नि बाई दुसरीच."

"कमळच आहे ती," मी हळू म्हणालो.

"कमळ? माझ्या मांडीवर गेली ती. मला तू सांगतोस कमळ कोण? तिचं कोड कुठं गेलं?"

मांडवात वाढप थांबलं. महादूनं माझे हात सोडले होतेच, आता तो एक पाऊल मागं सरकला. मी म्हणालो, "दुकानातल्या पोरीनं चूक केली. तिला पाण्याचे डाग वाटले. मला न विचारता पुसून टाकले."

हे असं मी म्हणालो. पन्नास माणसांत, बायकोच्या तेराव्याला.

हौसा तापली. "थांबा, मी फोन लावते तिला. मयताच्या माणसाचा असा खेळ करतात का?" गटाची कामं भाविकाकडेच असायची, नंबर तिच्याकडे होता. तिनं तिथंच फोन लावला, आवाज मोठा केला. "भाविका गो, हौसामावशी बोलते. तू आमच्या कमळचे डाग का पुसलेस? ते कोड होतं तिचं. माणसाला विचारायचं तरी!"

मी जमिनीकडे बघत होतो. माझे पाय शेणानं सारवलेल्या जमिनीवर नागडे दिसत होते. आता ती सांगणार, मला वाटलं.

भाविका म्हणाली, "मावशी, काका आहेत का तिथं?"

"हायत. समोरच हायत. ऐकतात."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पाण्याचे डागच वाटले मला. काकांना म्हणावं फोटो घेऊन या, मी तसाच्या तसा करून देते."

फोन बंद झाला. हौसा म्हणाली, "कबूल तरी केलंन." लोक पुन्हा बोलायला लागले. भात आला, वरण आलं. त्या पोरीनं मला का वाचवलं ते मला कळलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणून असंल, माझी कीव आली असंल. तिचा आवाज खाली आला होता एवढं खरं.

जेवणं झाल्यावर महादू माझ्याजवळ येऊन बसला. सुपारी कातरत होता. म्हणाला, "कोड होतं?"

"होय."

"मग त्या रविवारी ताप नव्हता बाईला."

मी मान खाली घातली.

"आमी काय खाल्लं असतं का हो तिला?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. सुपारीचं खांड मला दिलं, उठून चप्पल घातली आणि बायको-मुलाला घेऊन फाट्याकडे गेला. ती तिघं बॅनरखाली रिक्षाची वाट बघत बराच वेळ उभी होती. खळ्यावरून दिसत होती.

बाईजा जायच्या आधी पडवीत बसली. मला म्हणाली, "सोमवारी तिनं सकाळीच पिशवी भरून ठेवली होती. मंगळवारी पण. बुधवारी मीच म्हटलं, सोड गो पिशवी, साडी तरी बदल." मग पाणी प्यायली नि गेली.

त्याच संध्याकाळी कुणाली विळा घेऊन फाट्यावर गेली. सुतळी कापता आली, तार कापता येईना. मी पक्कड घेऊन मागं गेलो. आम्ही दोघांनी मिळून बॅनर उतरवला. तिनं तो घडी घालून माळ्यावर पेंढ्याखाली टाकला.

आठ दिवसांनी विपुलचा फोन आला. कुणालीशीच बोलला. ती त्याला म्हणाली, "आईला कोड होतं. मला पण उद्या येईल. आत्ताच काय ते सांग." तो काय म्हणाला ते तिनं मला सांगितलं नाही. नंतर महादूनं कळवलं, लग्न माघात करू. आमच्याकडून काही अडचण नाही, फक्त आता काही लपवू नका.

म्हणजे कमळ त्या रविवारी घरात असती तरी चाललं असतं. पोहे तिनंच आणले असते.

कुणालीनं गटाचा फोटो पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिलाय. दुकानात साडी नि मान जुळवायची गोष्ट झाली तेवढी मी तिला सांगितली होती. "लग्नाच्या मांडवात आईचा फोटो लावायचा," ती म्हणाली. "हाय तसा. साडी पण तिचीच करायला सांगा, कॉटनची. मान जुळली नाय तर नाय जुळू दे. आणि त्या भाविकाला काही बोलू नका, तिची काय चूक. माणूस ओळखीचं नसलं की होतं असं."

मी "बरं" म्हणालो.

तेव्हापासून मी तीनदा किन्हवलीला गेलो. एकदा पेंड आणली, एकदा रेशन. तिसऱ्यांदा फोटोची पिशवी बरोबर होती. दुकान उघडं होतं, भाविका कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर करत बसली होती. तिनं मला बघितलं आणि बाजूची खुर्ची रिकामी केली. मी एसटी लागली म्हणून हात दाखवला आणि स्टँडवर आलो. एसटी अर्ध्या तासानं लागली.

लग्नाला बावीस दिवस आहेत. हौसानं दोनदा फोटो परत मागितला. कुणालीला अजून वाटतं की भाविकानं मला विचारलं नव्हतं. फोटो माझ्या खाटेखाली आहे आणि मी दुकानात गेलेलो नाही.